पाणी न विचारलेला उन्हाळा

सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेली रिक्षा येऊन थांबली आणि शिलाई मशीनच्या पायडलवरचा माझा पाय आपोआप उचलला गेला. आतला माणूस घसा साफ करून ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणाला, कोपऱ्यावरचं कुत्रं उठून त्याच्यावर भुंकलं आणि माझी सून ऋतुजा खिडकी लावायला धावली. मी म्हटलं, राहू दे उघडी. ती म्हणाली, "आई, डोकं उठेल तुमचं." माझं डोकं केव्हाच उठलेलं आहे, पण ते तिला कसं सांगणार? ती या घरात नवी आहे. तिच्या लेखी निवडणूक म्हणजे नुसता गोंगाट.

उन्हाळा आला की लोकांना कैऱ्या आठवतात, मामाचं गाव आठवतं, गच्चीवरचे पापड आठवतात. मला आठवते आमच्या प्रभागाची पोटनिवडणूक. खळीच्या नव्या कापडाचा वास, उन्हात सुकत चाललेल्या झेंडूच्या माळा, टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवल्याचा खडखडाट, हे सगळं एकदम आलं की माझ्या आत काहीतरी जागं होतं. त्याला छान नाव द्यायचं तर हुरहुर म्हणता येईल. पण खोटं कशाला बोलू, तो राग आहे. मी तो जपून ठेवला आहे, लोणच्याची बरणी जपतात तसा, ओला हात लागू न देता. म्हणून तर अजून टिकला आहे.

आमची खरवई तेव्हा आजच्यासारखी नव्हती. आता बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला खरवई म्हटलं की तो विचारतो, कुठला टॉवर? तेव्हा टॉवर नुकते उगवायला लागले होते. भाताच्या खाचरात खड्डे पडले होते, आणि पहाटेच्या वाऱ्याला ओल्या मातीबरोबर सिमेंटचाही वास यायचा. आमची गल्ली मात्र जुन्या आगरी घरांची, ओटीला ओटी लागलेली. नवरा गेल्यावर मी मुलाला घेऊन इथेच माहेरी आले, आईच्या ओटीवर मशीन मांडलं आणि ब्लाउज शिवायला लागले. आई धवलारीण होती. आमच्यात लग्न लागतं ते धवल्यांच्या गाण्यांवर, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. अर्ध्या खरवईची लग्नं आईच्या गळ्यानं लावली. रतनशेठचंसुद्धा.

रतनशेठ आमचा नगरसेवक. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार आहे, तर आधी चांगलं सांगून मोकळी होते. माणूस दिलदार होता. कुणाची हळद असो, हा सगळ्यात पुढे नाचणार. कुणाचं मयत असो, पहिला खांदा ह्याचा. गरिबाच्या घरी मांडव पडला की खुर्च्या ह्याच्याकडून. त्यानं गावासाठी एक रुग्णवाहिका ठेवली होती आणि तिच्या पाठीवर त्याचा भला मोठा हसरा फोटो होता, हात जोडलेला. कुणी आजारी पडलं की आधी रतनशेठ हसत यायचे आणि मग डॉक्टर. हे सगळं खरं आहे. लोक त्याला उगाच डोक्यावर घेत नव्हते.

फक्त त्याला एक गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे नाही. एका निवडणुकीत आमच्या गल्लीतले एक मास्तर त्याच्याविरुद्ध उभे राहिले. गल्लीतलाच माणूस, आमच्या पोरांना शिकवलेला, म्हणून गल्लीनं मतं त्यांना टाकली. रतनशेठ निवडून आलाच. पण मतमोजणीत प्रत्येक खोलीतल्या यंत्राचा आकडा वेगळा पुकारतात, आणि कुठली गल्ली शाळेच्या कुठल्या खोलीत मत टाकते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मत गुप्त असतं म्हणे. माणसाचं असेल, गल्लीचं नसतं.

त्या वर्षी होळी झाली आणि आमच्या नळाची धार बारीक झाली. मग नळ नुसता फुसफुसायला लागला. मग तेही बंद. समोरच्या टॉवरच्या बागेत कारंजं उडायचं आणि आमच्या बायका रिकामे हंडे घेऊन रतनशेठच्या बंगल्याच्या पायरीवर बसायच्या. तो बाहेर यायचा, सगळ्यांची नावानिशी चौकशी करायचा आणि म्हणायचा, "काय करू काकी, प्रेशर नाय." रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. तो फिरवणारा माणूस कुणाच्या ओटीवर चहा पितो, हे आम्ही रोज बघत होतो. तरी आम्ही मान हलवून परत यायचो. वाईटपणा घ्यायचा कोणी?

गावाची जुनी विहीर आहे, पायऱ्यांची. नळ आले तेव्हापासून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पायऱ्यांवर बारमाही शेवाळ. त्या उन्हाळ्यात गल्लीच्या बायका पुन्हा त्या पायऱ्या उतरायला लागल्या, आणि माझी आईही. मी म्हणायचे, मी जाते. ती म्हणायची, "तू शिव. मी काय म्हातारी झाली का?" एका सकाळी हंड्याचा आवाज आला. रिकामा हंडा पायऱ्यांवरून गडगडत जातो, तो आवाज भरल्या हंड्याचा नसतो. मी ब्लाउजची बाही अर्धी सोडून धावले. आईचा खुबा मोडला होता. तिला दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आली तीच, पाठीवर हात जोडून हसणारी. आई आत, आणि बाहेर तो.

ऑपरेशन झालं, पण पाय काही उभा राहिला नाही. पावसाळा लागल्यावर नळाला एक दिवसाआड का होईना पाणी आलं, पण आई आतल्या खोलीत खाटेवर पडली ती पडलीच. धवले बंद झाले. लग्नसराईत लोक बोलवायला यायचे आणि ती त्यांना दुसऱ्या धवलारणीचं नाव सांगायची. गावातल्या प्रत्येक पडल्या-झडल्याला भेटायला जाणारा रतनशेठ आमच्या दारात मात्र कधी आला नाही. मी वाट बघत होते. तो येईल, आईच्या खाटेपाशी बसेल, आणि मी त्याला काय काय बोलेन ते मशीन चालवताना मी रोज जुळवत असे. पायडलच्या तालावर शिव्या फार छान जुळतात.

आणि दोन वर्षांनी हिवाळ्यात तो मेला. एका हळदीत, ढोलताशावर नाचता नाचता छाती धरून खाली बसला. बातमी गल्लीत आली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून रडल्या. ज्यांचे हंडे रिकामे राहिले होते त्याही रडल्या. मला रडू आलं नाही आणि आनंदही झाला नाही. मला वाटलं, सुटला. माझं सगळं बोलणं जुळवून तयार होतं आणि ऐकणारा निघून गेला होता. एवढी फसवणूक माझी कुणी केली नव्हती.

प्रभागाची जागा रिकामी झाली म्हणजे पोटनिवडणूक आली. शोकसभेतच ठरलं की त्याचा मुलगा मयूर उभा राहील आणि त्याच्यासमोर कुणी अर्ज भरणार नाही. सगळ्या पक्षांचे लोक एका मंचावर आले, एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे. माइकवरून सांगितलं, ही निवडणूक बिनविरोध करणं हीच रतनशेठना खरी श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

भोंग्याचा आवाज आईच्या खाटेपर्यंत येत होता. मी घरी आले तर ती उठून बसायची धडपड करत होती. म्हणाली, "बिनविरोध म्हंजे काय गो? मत नाय?"

"नाही. एकच उमेदवार. मत कशाला?"

तिनं खाटेची कड धरून स्वतःला वर ओढलं. मग म्हणाली, "मना बोट कालं करायचं हाय. येक डाव. त्याचे घराचे नावावर न टाकता."

एवढंच तिला हवं होतं. गेल्या निवडणुकीनंतर ती आडवी झाली ती पायांवर उभी राहिली नव्हती, पुढच्या निवडणुकीपर्यंत ती असेल असं तिला वाटत नव्हतं, आणि मधे ही एक चालून आली होती तर ती सगळ्यांनी मिळून गिळायला घेतली होती. तिच्याजवळ हाणायला दुसरं काही उरलं नव्हतं, एक बोट होतं. उन्हाळ्यात अर्ज घ्यायला सुरुवात झाली त्या पहिल्याच दिवशी मी माझा भरला. गल्लीतले मास्तर सूचक झाले. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, मागे घ्यायची तारीखही लिहून देऊ का?" मी म्हटलं, ती तुमच्याकडेच ठेवा.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे दिवस. हसू नका. ज्या ओटीवर कधी ब्लाउजच्या मापाशिवाय कुणी आलं नव्हतं, तिथं गावातली मोठी मोठी माणसं बूट-चपला काढून चढत होती. पांढरे शर्ट, पायरीशी पांढरे बूट, बोटांत अंगठ्या. अर्ज मागे घे, एवढंच सगळ्यांना सांगायचं होतं. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. माणसं घामाघूम येत, पंख्याखाली बसत, शर्टाची कॉलर मागे ढकलत आणि आतल्या दाराकडे बघत. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. वैरी आला तरी विचारतात, मग भांडतात. पोस्टमनला विचारतात, विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा विचारतात. मी कुणालाच विचारलं नाही.

पहिल्यांदा जमेना. कुणी घाम पुसला की माझे हात आपसूक माठाकडे निघत. मी ते मशीनवर दाबून धरत असे. मग सवय झाली. मग गोडी लागली. बोलता बोलता माणसाची जीभ कशी कोरडी पडते, तो आवंढा कसा गिळतो, घड्याळाकडे कसा बघतो, हे मी काजबटण करता करता निवांत बघत असे.

भगवाननाना आमच्या भावकीतले सगळ्यात वडीलधारे, माझ्या बापाचे चुलतभाऊ. ते आले आणि गादीवर बसून म्हणाले, "विमले, मेल्या मानसाशी कोनी वैर धरतंय का गो? मानूस गेला, वैर गेलं."

मी म्हटलं, "नाना, माणूस गेला. आईचा पाय परत आला का?"

"तुझे आयशीनंच तेचं लगीन लावलं. हळद तिचे हातची. आता तेचं पोर उभं ऱ्हातंय, तं आशीर्वाद द्यायचा का आडवं यायचं?"

"आशीर्वाद द्यायला ती स्वतः येणार आहे नाना, शाळेत. खुर्चीवरून. म्हणून तर मत व्हायला हवं."

टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं. मग हळूच म्हणाले, "बरं, पानी तरी दे."

"प्रेशर नाही, नाना."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग माठाकडे. काय म्हणतेय ते त्यांना कळलं. त्या उन्हाळ्यात तेही रतनशेठच्या ओटीवर चहा पीत बसलेले असायचे.

मयूर आला तो शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी. बापाचं दिवसकार्य होऊन दोन-तीन महिनेच झालेले, डोक्यावरचे केस अजून पुरते वाढले नव्हते. आईला आत कळलं असावं, तिची खाट करकरली. पोरगा वाईट नव्हता. बसला, हात जोडले, म्हणाला, "आत्या, माझा काय प्रॉब्लेम आहे का तुमच्याशी? मी तर तेव्हा कॉलेजला होतो. पप्पांचं पप्पांबरोबर गेलं ना. जाने दो ना आत्या."

मी त्याची मुलाखत घ्यायला बसल्यासारखी शांत होते. म्हटलं, "तुझ्या पप्पांची जागा तुला हवी, त्यांची गाडी हवी, त्यांचा फोटो हवा, त्यांची सहानुभूती हवी. मग पाणी बंद केलं तेवढंच कसं पप्पांबरोबर गेलं?"

त्यानं रुमालानं मान पुसली. ओठ सुकलेले. तरणाबांड पोर, उन्हातून फिरून आलेलं. म्हणाला, "आत्या, एक ग्लास पाणी मिळेल?"

मला आजही कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यात सगळ्यात कठीण काय होतं, तर नवऱ्याचं जाणं सांगेन आणि त्याच्यानंतर हे. मी मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि म्हटलं, "प्रेशर नाही, बाळा." तो उठला आणि गेला.

अर्ज मागे घ्यायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. नाना सकाळपासून ओटीवर येऊन बसले. बोलत नव्हते, नुसते बसून. बहुधा त्यांना तिथे बसवून ठेवलं होतं. मी दार सताड उघडं ठेवून शिवत होते. आई आतून मधूनमधून विचारत होती, वाजले का? आणि मी म्हणत होते, नाही. तीन वाजले तसं मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "वाजले."

आतून आई म्हणाली, "आता दे नानांना पानी. थंड दे, माठाचं."

मी दिलं. नानांनी तांब्या वर धरून घटाघटा रिकामा केला, अंगरख्यावर ओघळ आले. मग तोंड पुसून म्हणाले, "तुझी आय लय वाईट बाई हाय." आणि हसले. आईही आत हसली. मला मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, एवढ्यात कशाला द्यायचं.

मला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. ते मी मागितलं नव्हतं, अपक्षांच्या चिन्हांतून माझ्या वाट्याला आलं, पण गावाला वाटलं मी ठरवून घेतलं. त्यात आणखी गंमत म्हणजे माझं रोजचं काम यायचं उल्हासनगरहून. कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून मी कापलेला माल आणून शिवून देत असे, आणि निवडणूक आली की त्याच्याकडे उपरणी, टोप्या, झेंडे हेच काम. मी गठ्ठा आणायला गेले तर त्या व्यापाऱ्यांनी, सगळे त्यांना साईं म्हणतात, चष्म्यावरून बघितलं. "दीदी, सुना है आप खुद खड़ी हो?" मी म्हटलं, हो. त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला, वर मयूरच्या पक्षाच्या रंगाची उपरणी. म्हणाले, "तो ये किसी और को दूँ?" मी म्हटलं, "नहीं साईं, लाओ. काम काम है." ती सगळी उपरणी मी शिवली. शिवण सरळ घातली, एक धागा सैल सोडला नाही. सूड घ्यायचा तो आपल्या कामात नाही घ्यायचा. सकाळी मयूरच्या माणसांच्या गळ्यात माझ्या हातची शिवण आणि दुपारी मी त्यांच्याविरुद्ध दारोदार.

प्रचार म्हणजे तरी काय, मी आणि मास्तर. टॉवरमधली माणसं दार अर्धंच उघडायची, साखळी लावलेली. मी म्हणायचे, "मी विमल. ब्लाउज शिवते. माझ्या आईला मत द्यायचं होतं, म्हणून उभी आहे." काही जण हसायचे. एका बाईनं साखळी काढून विचारलं, "पिको-फॉल पण करता का?" कात्रपहून लेकीकडे आलेल्या एक आजी म्हणाल्या, माझं नाव इथं नाही, नाहीतर दिलं असतं. सगळा प्रभाग रतनशेठच्या फोटोंनी भरलेला, प्रत्येक फोटोला हार. मेलेला माणूस जिवंत असल्यापेक्षा जास्त ठिकाणी उभा होता. आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा म्हणायला लागल्या होत्या, जाऊ दे गो विमल, पोराकडं बघून देऊ त्याला एक डाव. आणि मला वाटायला लागलं होतं, आईचं एक मत आणि माझं एक, एवढ्यावरच माझं मशीन बंद होणार.

मग त्यांच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात शहाणपण आलं. ती धवलारीण पाण्यावरून रागावली आहे ना, मग पाणी पाठवू. एका भर दुपारी आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. निळा टँकर, आणि त्याच्या पोटावर रतनशेठचा हार घातलेला फोटो, हात जोडलेला, हसरा. खाली लिहिलेलं, साहेबांची आठवण.

त्यांना वाटलं असेल, बायका दुवा देतील. बायका हंडे, कळशा, ड्रम घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आणि रांगेत उभं राहिलं की बायका बोलतात. पाइपातून पाणी धो धो पडायला लागलं तशी कुणीतरी म्हणाली, तेव्हा कुठं होता ग हा टँकर? दुसरी म्हणाली, माझ्या पोरीची कॉलेजची परीक्षा होती, विहिरीवरून पाणी आणून बसायची अभ्यासाला. तिसरी म्हणाली, काकीचा खुबा याच फोटोखाली गेला दवाखान्यात. विसरत आलेलं सगळं त्या टँकरनं त्यांच्या दारात आणून ओतलं. मी महिनाभर बोलले असते तरी जमलं नसतं. ज्यानं पाणी तोडलं त्याचाच फोटो पाण्याच्या टाकीवर लावून तहानलेल्या गल्लीत पाठवणं, ही चूक पाणी देण्यातही आपलं नाव लावणारी माणसंच करू शकतात.

मी आत येऊन म्हटलं, आपण भरायचं नाही. आई खवळली. "का नाय? भर. पानी कोनाचे बापाचं नसतं. त्याचं पानी पिऊन त्याला पाडायचं." मी दोन्ही पिंपं भरली.

मतदानाच्या दिवशी आईनं हिरवं लुगडं मागितलं, लग्नं लावताना नेसायची ते. केसांत अबोली माळली. गल्लीतल्या चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. दारातून बाहेर आली तशी तिनं डोळ्यांवर हात धरला, कितीतरी दिवसांनी अंगावर ऊन पडलं होतं. शाळेपर्यंतचा रस्ता तिनं एखाद्या नवरीच्या तोऱ्यात बघितला. कुणाचं घर पडलं, कुणाचं वर गेलं, आंबा कुणी तोडला, सगळ्याची विचारपूस. शाळेच्या दाराबाहेर मयूर हात जोडून उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, पण हात उचलला नाही. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागं यंत्राचं टेबल तिच्या खुर्चीला बरोबर जुळलं. लांब शिट्टीसारखा आवाज आला. मी बाहेर थांबले होते. माझ्या आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या धवल्यांत मला तो आवाज गोड वाटला.

बाहेर आल्यावर माझ्या मुलानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. ती डावी तर्जनी वर करून बसली आहे, नखावर काळी रेघ, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला मी समाधान म्हणत नाही. समाधान एवढं धारदार नसतं.

मी हरले, ते सांगायला नकोच. खूप मोठ्या फरकानं हरले. पण आमच्या गल्लीच्या खोलीतलं यंत्र उघडलं तेव्हा त्यात शिलाई मशीन पुढं होतं. आकडा माइकवरून पुकारला आणि सगळ्या मंडपानं ऐकला. संध्याकाळी मयूरची विजयाची मिरवणूक गुलाल उधळत आली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, थोडी थांबली आणि सरळ पुढं गेली. बायका म्हणाल्या, झालं, आता पुन्हा हंडे काढा. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नळाकडं बघत उभी होती. नळाला पाणी आलं. रोज यायला लागलं. आता व्हॉल्व्ह फिरवला असता तर सगळा प्रभाग म्हणाला असता, बापाचा लेक. ते म्हणून घ्यायची हिंमत मयूरमध्ये नव्हती, आणि आजतागायत आमच्या गल्लीचा नळ एक दिवस कोरडा राहिलेला नाही. मला लोक सांगतात, सूड वाईट, सुडानं काही मिळत नाही. ते सांगतात तेव्हा मी त्यांना नळ सोडून दाखवते.

आई त्याच पावसाळ्यात गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना मी तिचा डावा हात हातात घेतला. नख वाढत वाढत शाईची रेघ अगदी टोकाला आली होती, पुढच्या वेळी नख कापलं असतं तर गेली असती. कुणीतरी म्हणालं, ते घासून काढ. मी नाही काढलं. तशीच नेली तिला, बोट काळं.

आज दुपारी मी हे सगळं आठवत शिवत बसले होते, आणि भोंगा गल्लीत आला. मागून प्रचारफेरी. आता सगळ्याच जागांची निवडणूक आहे, मयूर पुन्हा उभा आहे. केस विरळ झालेत, पोट सुटलंय, आवाज बापासारखा झालाय. एक एक ओटी चढत माझ्याही ओटीवर आला. मागं माणसं, गळ्यांत उपरणी. शिवण मी ओळखली नाही, आता तो माल दुसरीकडे जातो. "आत्या," म्हणून वाकला आणि खुर्चीत टेकला. घामानं चिंब. मी म्हटलं, बस.

तेवढ्यात आतून ऋतुजा आली, हातात ट्रे. ती घाटावरची, साताऱ्याकडची. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्यावाचून तिच्या माहेरी कुणी एक शब्द बोलत नाही. बशीत गुळाचे खडे, शेजारी पाण्याचा ग्लास, बाहेरून दव धरलेला. तिनं ट्रे त्याच्यासमोर धरला आणि हसून म्हणाली, "घ्या दादा."

मयूरनं ग्लास उचलला. ओठांपाशी नेला आणि थांबला. त्याला आठवलं होतं. ग्लास तसाच धरून त्यानं माझ्याकडे बघितलं. मागची माणसंही आमच्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "आत्या, पिऊ ना?"

त्यानं विचारलं नसतं तर मी काही बोलले नसते. खरंच नसते. पण त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आईला विचार."

मशीनच्या वर भिंतीवर तिचा फोटो आहे, तोच, शाळेबाहेरचा. हिरवं लुगडं, अबोली, वर केलेलं काळं बोट. मयूरनं वर बघितलं. त्याच्या मागच्या माणसांनीही बघितलं, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनीसुद्धा. भोंग्यातून त्याचंच नाव पुकारणं चाललं होतं. त्यानं ग्लास हळूच ट्रेमध्ये ठेवला, न सांडता. हात जोडले, मला की तिला कोण जाणे, आणि पायऱ्या उतरून गेला. शेजारच्या ओटीवर त्याला पाणी मिळालं असेल. मिळू दे.

ऋतुजा ट्रे घेऊन तशीच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "आई, असं कुणी करतं का? पाणी होतं ते."

मी म्हटलं, "इकडे आण."

मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ग्लासभर पाणी एका दमात प्यायले. गार होतं. आमच्या नळाचं होतं.